हसुरामच्या मालात गूळ नव्हता

बातमी आली तेव्हा मी चौकच्या नाक्यावर, चहाच्या टपरीपुढे उभा राहून अजगराची गोष्ट सांगत होतो. अजगर खरा होता. आमच्या गावच्या ओढ्यात निघाला होता आणि जेमतेम माझ्या हाताएवढा होता. पण त्या सकाळपर्यंत मी त्याला वाढवत वाढवत टेंपोच्या लांबीचा केला होता, आणि त्याने बोकड गिळून वर ढेकर दिला इथपर्यंत गोष्ट आली होती. तेवढ्यात खिशातला फोन वाजला. पलीकडे सुमनवहिनी, हसुराम गवंड्याच्या मालकीण. रडल्या नाहीत. "भावजी, हे गेले. या तुमी," एवढंच म्हणाल्या आणि फोन ठेवला. मी फोन हातात धरून तसाच उभा. कुणीतरी विचारलं, "काय झालं रं पंढरी?" मी म्हणालो, "हसुराम गेला..." आणि टपरीवरची सगळी माणसं हसली. हसून माझ्या तोंडाकडे बघत राहिली, की आता पुढे काय. गेला म्हणजे कुठे गेला, दुबईला की विलायतेला, कुठल्या राजाच्या अंगणात फरशी बसवायला गेला... चहावाल्याने तर माझा कप आणखी भरला, गोष्ट लांबणार म्हणून. मला त्यांचा राग आला नाही. पस्तीस वर्षं ही सवय मीच त्यांना लावली होती. कप तसाच फळीवर ठेवून मी चालायला लागलो, तेव्हा कुठे मागचं हसणं एकेक करून थांबलं.

त्याला आता दीड महिना झाला. पेपरच्या या पुरवणीत मी याआधी दोन-चार वेळा लिहिलंय, ते सगळं हसण्यासारखं होतं आणि त्यातलं निम्मं खोटं होतं, हे वाचकांनाही ठाऊक असावं. आज हसवायची ताकद नाही. जीभ दमलीय म्हटलं तरी चालेल. पण एक गोष्ट सांगायची राहिलीय, आणि ती ज्याने ऐकायला हवी होती तो आता नाही. निदान ज्यांनी हसुरामचं नाव खराब झालेलं ऐकलं, त्यांनी तरी ऐकावी.

मी टेंपोवाला. कर्जत ते खोपोली या पट्ट्यात दगड, वाळू, सिमेंट पोचवण्यात माझी हाडं झिजली. हसुराम आमच्या शेजारच्या गावचा, चार पिढ्यांचा भातशेतीवाला. पण भावांत वाटण्या होऊन वाट्याला आलेली जमीन एका बैलाला बसायलाही पुरेना, म्हणून तो गवंडीकामाला लागला आणि त्यातही दगडाच्या फरसबंदीत रमला. डोंगराच्या पायथ्याला मुंबईकरांचे बंगले झाले, तसे प्रत्येकाला फाटकापासून पडवीपर्यंत काळ्या दगडाची वाट हवी झाली, गाडी वर यायला. ती वाट पहिल्या वर्षी राजवाड्यासारखी दिसते. मग आमचा पाऊस तिच्यावरून चार महिने वाहतो. दोन दगडांमधली फट, जी सिमेंट-वाळूच्या मालाने भरलेली असते, तिला गवंडी दरज म्हणतात. दगडाला पाऊस काही करत नाही, तो दरज खातो. दरज गेली की खाली पाणी शिरतं, खालचा भराव वाहतो, दगड डुलायला लागतो, फटीत गवत येतं आणि एक दिवस गाडीचं चाक बसतं. मग लोक हसुरामला शोधत यायचे. नवी फरशी बसवणारे पन्नास मिळतील. जुन्या वाटेच्या दरजा नीट भरून देणारा सगळ्या तालुक्यात एकच होता, आणि हे वाक्य मी फुगवलेलं नाही.

त्याची माझी ओळखच मुळी माझ्या बडबडीमुळे झाली. पळसदरीकडच्या चढावर माझा दगडांनी भरलेला टेंपो रस्त्याकडेला रुतला होता. शेतातून एक काटकुळा माणूस आला, काही न विचारता मागचं फळकं उघडलं आणि एकेक दगड खाली उतरवून ठेवायला लागला. टेंपो मोकळा झाला, निघाला, मग त्याने तेवढेच दगड पुन्हा चढवले. सगळं झाल्यावर पहिल्यांदा तोंड उघडलं. "तू क्लिनरला गोष्ट सांगत व्हतास. मी लांबून आयकत व्हतो. हात सुटला तुजा गोष्टीत, म्हून चाक गेलं." मी म्हणालो, "मग गोष्ट कशी वाटली?" तर म्हणतो, "वाघ लई मोठा झाला. कमी कर."

तेव्हापासून तो माझ्या गोष्टींची काटछाट करत आला. लोक हसायचे किंवा खोटारडा म्हणायचे. हसुराम तसं काहीच करायचा नाही. काम करता करता मान वर न करता विचारायचा, "किती फूट म्हनलास?" मी म्हणायचो वीस. तो गप्प. मग मी म्हणायचो, बरं, पंधरा. तरी गप्प. दहावर आलो की म्हणायचा, "आता पुढं बोल." एकदा कोंडाण्याची लेणी बघायला आलेल्या कुठल्याशा मंडळींना मी छातीवर हात ठेवून सांगितलं, की हे जे गृहस्थ समोर पायऱ्यांचे दगड बसवतायत ना, यांच्या साठाव्या पिढीतल्या पूर्वजाने हे लेणं कोरलं, अजून यांच्या घरात ती छिन्नी पुजतात. मंडळी गहिवरली, एका बाईंनी तर वाकून नमस्कार केला. हसुराम पाय मागे घेत म्हणाला, "न्हाय हो ताई. आमचा आजा भात लावायचा." बाईंना तो त्याचा विनय वाटला. आणखी एकदा नमस्कार केला.

कामाला बसला की मात्र तो या जगात नसायचा. दरज लोखंडी आकड्याने दोन पेरं खोल उकरायची, म्हणजे जुना पोकळ माल सगळा बाहेर. मग कुंचल्याने झाडायची, तोंडाने फुंकायची, पाण्याने धुवायची. दगडाला पाणी पाजायचं, तो प्यायचा थांबेपर्यंत. "तान्हेल्या दगडाला माल दिला तर तो मालातलं पानी पितो. मग माल काय करनार?" असं एकदाच त्याने मला समजावलं होतं. माल दोन थरांत भरायचा, प्रत्येक थर बारीक करणीने खाली दाबायचा, इतका की बोटांच्या नखाखाली रक्त साकळायचं. वरचं तोंड दगडाच्या किंचित खाली ठेवायचं. मग ओलं गोणपाट, सात दिवस. आठव्या दिवशी तो अनवाणी त्या वाटेवरून वरपासून खालपर्यंत चालायचा, डोळे मिटून. लोकांना ते मंत्रतंत्रासारखं वाटायचं, आणि माझ्यासारख्याने ते तसं वाटू देण्यात कसूर केली नाही. तो म्हणायचा, "चपलंला काय कळतं?" बास, एवढंच कारण होतं. सुमनवहिनी त्याच्या जोडीला असायच्या, पहिल्यापासून. वाळू चाळणं, माल कालवणं त्यांचं. तीन घमेली वाळूला एक घमेलं सिमेंट, यात त्यांचा हात कधी इकडचा तिकडे झाला नाही.

आता त्या कामावर येतो. येणं भाग आहे.

गेल्या वर्षी पावसाळा सरल्यावर, चौकपासून आत डोंगराच्या अंगाला असलेल्या एका बंगल्यावरून बोलावणं आलं. तिथे निवृत्त नवरा-बायको कायमची राहायला आली होती. साहेब चाकाच्या खुर्चीत. त्यांना रोज संध्याकाळी खुर्चीतून पडवीपासून फाटकापर्यंत न्यायचं, रस्त्यावरची माणसं-गुरं बघत तिथे बसवायचं, हा मॅडमचा नेम. वाट जवळजवळ शंभर फूट, बरीच दरज गेलेली, खुर्चीची पुढची लहान चाकं अडकायची. मी हसुरामला घेऊन गेलो. काम त्याने पाहिलं, मान हलवली, झालं असतं तेवढ्यावर. पण मॅडमनी चहा दिला, चांगल्या बशीत बिस्किटं ठेवली, आणि असं कुणी आदराने वागवलं की माझ्या जिभेला पाय फुटतात. मी सुरू झालो. यांच्या घराण्यात गडांची कामं झाली, यांच्याकडे मालाची जुनी कृती आहे, गूळ घालतात, बेलफळ घालतात, त्यानेच तर बुरुज उभे आहेत... हसुराम बशीतल्या बिस्किटाकडे बघत बसला. मॅडमचे डोळे चमकले. दुसऱ्या दिवशी कर्जतच्या बाजारातून गुळाच्या दोन ढेपा आल्या, त्याही कागदात गुंडाळलेल्या, पूजेच्या सामानासारख्या.

हसुरामने मला भिंतीआड नेलं.

"पंढ्या, काय सांगून बसलास रं?"

"काय बिघडलं? गूळ घालायचेच की पूर्वी."

"चुन्यात घालायचे. ह्ये शिमिट हाय. शिमिटात गूळ गेला का ते झोपतं. उठतच नाय."

"मग सांग तसं मॅडमला."

त्याने माझ्याकडे बघितलं. म्हणाला, "तुला खोटा पाडू काय त्यांच्यापुढं?" आणि ढेपा उचलून सिमेंटच्या पोत्यांमागे ठेवून दिल्या. "ऱ्हाऊ दे. काम संपलं का परत देऊ. म्हनू, लागला नाय."

यात सगळं आलं. त्याने गूळ घातला नाही. मला खोटाही पाडलं नाही. उकरणं-धुणं आधीच्या दिवसांत उरकलं आणि भरायचं काम पडवीकडून सुरू झालं. सकाळभरात पडवीपासून मधल्या जांभळाच्या झाडापर्यंत दरजा भरून झाल्या. मधल्या वेळात मॅडम मला पडवीत म्हणाल्या, "पंढरीनाथ, ढेपा तर तशाच दिसतायत. तुम्ही तर म्हणाला होतात..." त्यांच्या आवाजात शंका नव्हती, थोडी निराशा होती फक्त. मला ती सोसली नाही. हसुराम आणि वहिनी जांभळाखाली भाकरी खायला बसले होते, पाठ इकडे. माल कालवायच्या पाण्याचं पिंप उन्हात होतं, पाणी कोमट आणि आधीच गढूळ झालेलं. मी एक ढेप फोडली आणि त्या पिंपात सोडली. हाताने ढवळली. मग दुसरीही. मला वाटलं, गूळ तो गूळ, काय होणार आहे? खरं सांगायचं तर तेवढंही वाटलं नाही. माझी गोष्ट खरी होताना मला बघायची होती.

संध्याकाळपर्यंत फाटकापर्यंतचं काम उरकलं. हात धुवायला हसुराम पिंपापाशी गेला, तळाशी उरलेलं पाणी त्याने ओंजळीत घेतलं, हात चिकटले असावेत. त्याने बोट जिभेला लावलं. मग माझ्याकडे पाहिलं. मी टेंपोचा आरसा पुसत होतो. मग उरलेलं पाणी ओतून दिलं.

पुढचं मी कितीही वाढवून सांगितलं असतं एरवी. मुंगळे असे आले की खालापूर तालुक्यात दुसरीकडे कुठे मुंगळा उरला नाही, वगैरे. आले, एवढं खरं. जांभळापासून फाटकापर्यंतच्या दरजा दुसऱ्या दिवशीही शिऱ्यासारख्या. हसुराम मॅडमना म्हणाला, "हवंत वल हाय, येळ लागंल." गोणपाटावर पाणी मारत राहिला. आठ दिवसांनी वरून कोरडी पापडी धरली, आत सगळं भुसभुशीत. तो म्हणाला होता, अजून कुणी वापरू नका. पण साहेबांना आठ दिवस पडवीत कोंडल्यासारखं झालं होतं. मॅडमनी खुर्ची बाहेर काढली. जांभळापर्यंत व्यवस्थित गेली. पुढे दहा पावलांवर लहान चाक दरजेत खचलं आणि साहेब पुढच्या पुढे दगडावर गेले. मनगट मोडलं, कपाळाला खोक पडली. आम्ही दोघं तेव्हा तिथेच होतो, गोणपाटं गोळा करत. साहेबांना उचलून आत नेलं, डॉक्टर आले, पट्टी झाली. मग मॅडम बाहेर आल्या. आवाज चढवला नाही त्यांनी. म्हणाल्या, "हसुराम, मी भाच्याला विचारलं, तो इंजिनिअर आहे. गूळ घातला की सिमेंट धरत नाही म्हणे. तुम्हाला माप ठाऊक नव्हतं तर घालायचा नाही. तुमच्या घराण्याच्या नावावर विश्वास ठेवला मी."

मी तिथे होतो. दोन हातांवर. पस्तीस वर्षांत माझं तोंड कधी बंद पडलं नव्हतं, अंत्ययात्रेतही नाही. त्या दिवशी पडलं. हसुराम खाली बघत म्हणाला, "चुकलं आमचं."

परत येताना टेंपोत तो एकदाच बोलला. "पंढ्या, येक डाव सांग त्यांना. तुला जमंल तवा." मी म्हणालो, सांगतो. उद्या सांगतो म्हणालो. मग साहेबांचं मनगट बरं होऊ दे म्हणालो. मग दिवाळी होऊ दे. तोवर गोष्ट माझ्याशिवायच निघाली होती. बंगल्याबंगल्यांतून, माळ्यांच्या आणि वॉचमनांच्या तोंडून खोपोलीपर्यंत गेली, आणि हसुरामचं नाव 'गुळाचा गवंडी' पडलं. रसायनीच्या वाटेवरचं एक ठरलेलं काम गेलं, मग दुसरं गेलं. नाक्यावर कुणी विचारायचं, "काय हसुराम, आज शिरा की लापशी?" तो मान हलवून पुढे जायचा. आणि मी? मी ते हसणं ऐकून विषय बदलायचो. बदलायला माझ्याकडे गोष्टी कमी नव्हत्या.

त्याने मॅडमकडे जाऊन एकच मागणी केली, की ती वाट मला परत करू द्या, दुसऱ्याला देऊ नका. माघापासून तो बसला. जांभळापासून खाली एकेक दरज आकड्याने उकरायची, गुळमट भुगा काढायचा, मुंगळे झाडायचे, धुवायचं, पुन्हा भरायचं. गुडघ्यांना त्याने रबराच्या ट्यूबचे तुकडे बांधले होते. मध्येच थांबून छातीवर मूठ दाबायचा. मी जायचो, वाळू टाकायचो, बोलत बसायचो. बिबट्याची गोष्ट सांगितली, पुराची सांगितली. त्याने एकदाही विचारलं नाही, किती फूट. मला ते तेव्हा कळलं होतं. कळलं नव्हतं असं आता म्हणणार नाही.

फाटकाजवळचे शेवटचे आठ फूट राहिले होते. त्या सकाळी तो चहा पिऊन उठला, वहिनींना म्हणाला, आज-उद्यात संपंल, आणि उंबऱ्यात बसला. तो तसाच. डॉक्टर म्हणाले हृदय. बिडी होती, वय होतं, बापही असाच गेलेला. माझ्या गोष्टीने त्याला मारलं असं लिहिलं तर ती माझी आणखी एक फुगवलेली गोष्ट होईल, आणि तिच्यात मीच मोठा दिसेन. मारलं नाही. पण त्याचे शेवटचे पाच महिने मी खाल्ले. ते मात्र मोजून पाच.

तेरावं झाल्यावर मी मॅडमकडे गेलो आणि सगळं सांगितलं. पिंप, ढेपा, जांभळाखाली वळलेल्या पाठी, सगळं. त्या शांतपणे ऐकत होत्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, आता हाकलतील. म्हणाल्या, "पंढरीनाथ, मित्रासाठी एवढं खोटं स्वतःवर घेणारा माणूस मी पाहिला नाही. पण खरंच गरज नाही. माझा त्यांच्यावर राग नाही आता." मी म्हणालो, मॅडम, खरंच मीच घातला. त्या म्हणाल्या, "असू दे हो." आणि चहा ठेवला. शपथ घेतली, तर शपथही माझी नेहमीचीच, आईची, जी मी अजगरासाठीही घेतो. चहा पिऊन आलो. एवढा दमलेला मी कधी चढावर दगड ढकलूनही झालो नव्हतो.

वहिनींकडे गेलो. त्या अंगणात चाळण ठोकत होत्या. त्यांना म्हणालो, सांगितलं, पण पटत नाही त्यांना.

"तुमच्या तोंडावर कुनाचा इस्वास भावजी?" त्यांनी चाळण खाली ठेवली. "तुमी सांगायाला जाऊच नाय. दाखवायाला जायाचं."

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"त्याच सांजंला सांगितलं यांनी मला. म्हनले, पंढ्यानं केलं. तू बोलू नको, तो सांगंल." मग चाळण परत उचलत, "रोज जेवताना इचारायची मी. सांगितलं का? तर म्हनायचे, सांगंल गं."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं गेलो. वहिनींनी मॅडमना पडवीच्या पायरीपाशी उभं केलं आणि आकडा त्यांच्याच हातात दिला. म्हणाल्या, उकरा. मॅडमनी पायरीजवळची दरज उकरली. आकडा सरकला, ओरखडाही नीट उमटला नाही. जांभळापर्यंत तीन-चार ठिकाणी तसंच. मग त्यांना थेट फाटकाशी नेलं, त्या राहिलेल्या आठ फुटांवर. तिथे आकडा लावताच दरज भुसकन निघाली, तांबूस, आत दोन मुंगळे. वहिनींनी तो भुगा मॅडमच्या तळहातावर ठेवला.

"ताई, ती वरची आन् ही खालची, येकाच दिसाची. येकाच पोत्यातलं शिमिट, चाळन माजी, हात यांचा. सकाळची दरज दगड झाली. दुपारची अशी. मंग मदी काय झालं?"

मॅडमनी भुगा बोटाने चुरून पाहिला.

"मदी आमी जेवाया बसलो व्हतो," वहिनी म्हणाल्या.

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "साहेब पडले, तेव्हा तुम्ही इथेच उभे होतात."

मी म्हणालो, "हो."

"आणि मी हसुरामना बोलले, तेव्हाही."

"हो."

त्यांनी तो भुगा खाली टाकला नाही. मुठीत धरून आत गेल्या. आतून साहेबांशी बोलल्याचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. बाहेर आल्या त्या वहिनींशीच बोलल्या, माझ्याशी नाही, अजूनही बोलत नाहीत आणि ते बरोबर आहे. म्हणाल्या, सुमनताई, मी ज्या ज्या लोकांना सांगितलं होतं, त्या सगळ्यांना फोन करते. आणि हे आठ फूट दुसऱ्या कुणाला देणार नाही. तुम्हाला जमेल का? वहिनी म्हणाल्या, "जमंल. हे बसतील गुडघ्यावर." हे म्हणजे मी.

तर गेल्या आठवड्यात मी गुडघ्यावर बसलो. आठ फूट म्हणजे काय असतं ते मी आयुष्यभर चुकीचं सांगत आलोय. दोन दिवस लागले. दोन पेरं खोल उकरताना पाठ मोडते, फुंकताना डोळ्यांत जातं, माल दाबताना अंगठ्याची नखं काळी होतात. वहिनी कालवून द्यायच्या आणि शेजारी उभ्या राहायच्या. मी घाई केली की "काढा ते" म्हणायच्या, आणि मी काढायचो. मला मध्येच गोष्ट आठवायची, सवयच ती. पण दम लागलेला असायचा, आणि ज्याने विचारायचं किती फूट, तो नव्हता.

हे लिहितोय तो गोणपाटाचा चौथा दिवस आहे. वैशाखाचं ऊन, गोणपाट तासाभरात वाळतं, म्हणून मी सकाळपासून इथेच बसतो आणि पाणी मारतो. हसुराम दिवसातून सहा वेळा मारायचा, मी सातव्यांदाही मारतो. ही एकच गोष्ट मला त्याच्याहून जास्त करता येते. साहेब लांबून पडवीतून बघतात. काल त्यांनी डावा हात वर केला, मोडला होता तो.

आज दुपारी एक मोठी पांढरी गाडी फाटकाशी येऊन उभी राहिली. पाहुणे असावेत, मागे बायका-मुलं. ड्रायव्हरने काच खाली केली, गोणपाटं पाहिली आणि विचारलं, "काय झालंय काका?" खरं सांगतो, त्या एका क्षणात माझ्या जिभेवर भुयार आलं, शिवकालीन हंडा आला, फरशीखालून निघालेली नागाची अंडी आली. मी हातातला मग पिंपात ठेवला.

"दरजा भरल्यात," मी म्हणालो. "अजून तीन दिवस ओल्या ठेवायच्यात. गाडी बाहेर लावा."

त्याने एकदा गोणपाटाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग गाडी मागे घेतली आणि रस्त्याकडेच्या सावलीत लावली.